कागदावरचे चार ठिपके

बायको गेली त्या सकाळी पुतण्या इस्पितळातून एकटाच घरी आला. चपला काढून तो थेट स्वयंपाकघरात गेला, चहा केला, पोदेराकडचा ताजा पाव बशीत ठेवला आणि म्हणाला, "काकीला जरा जास्त वाटतंय. तुम्ही आधी हे खा, मग जाऊ." चहात साखर होती. मला साखर बंद आहे हे त्याला ठाऊक आहे. मी काही विचारलं नाही. पाव बुडवून बुडवून सगळा खाल्ला.

आमच्याकडे मरणाची बातमी अशीच येते. ज्याचं माणूस गेलं त्याला आधी 'बरं नाही' एवढंच सांगायचं आणि चार घास खायला लावायचे, कारण बातमी फुटली की घरात चूल पेटत नाही. मीही एकदा एका मुलीला अशीच बातमी दिली होती.

तेव्हा मी डिचोलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तालुक्यातली मुलं म्हापशाला, पणजीला जाऊ लागली, आमचे वर्ग ओस पडू लागले, तेव्हा परदेशातून विद्यार्थी आणायचे असं व्यवस्थापनाने ठरवलं. व्हिएतनाममध्ये शिक्षण-मेळावा होता. माझं इंग्रजी बरं म्हणून प्राचार्यांबरोबर मला पाठवलं. मोठ्या सभागृहात देशोदेशींची टेबलं मांडली होती. ऑस्ट्रेलियापुढे रांग, जपानपुढे रांग. आमच्या टेबलावर समुद्राचे फोटो आणि तेल नसलेली एक समई. लोक समईला हात लावून पुढे जात.

दुपारी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीने अभ्यासक्रमाची चौकशी केली. आईने आमच्या तिथल्या एजंटामार्फत एकच प्रश्न विचारला: घरी काही झालं तर मुलगी किती दिवसांत पोचेल?

मी माहितीपत्रक उलटं केलं आणि मागे चार ठिपके काढले. गोवा, मुंबई, बँकॉक, त्यांचं गाव. रेघांनी ते जोडले, खाली दोनचा आकडा लिहिला आणि दोन बोटं वर केली. बाईने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली आणि तो आतल्या खिशात ठेवला. मुलगी आमच्याकडे आली ती त्या कागदामुळे, असं मी पुढे कितीतरी जणांना अभिमानाने सांगितलं.

वसतिगृह नव्हतं, म्हणून ती आमच्याच मागच्या खोलीत राहिली. बायको पेडण्याकडची, चोपड्याची, नदीकाठी वाढलेली. मुलगीही नदीकाठचीच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्याचं काही अडतही नव्हतं. दहाच्या पेजेला दोघी मागच्या दारी बसत, शेवट्याचे काटे काढत. बायको मला चिडवायची, "तुमकां पुस्तकां कळटात. हिका नुस्तें कळटा." नुस्तें म्हणजे मासळी. एक दिवस मुलीने आजोबांच्या फोटोपुढे चहाचा कप आणि केळी ठेवली. त्यांच्या मरणाची तिथी होती. कुणी काही समजावून सांगितलं नाही, पण बायकोने खीर केली आणि वाटी नेऊन फोटोपुढे ठेवली.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, एका मंगळवारी सकाळी, ग्रंथालयातल्या संगणकावर एजंटाचा मेल आला. तेव्हा मोबाईल प्रत्येकाच्या खिशात नव्हते. दोनच ओळी होत्या. मुलीची आई आज पहाटे वारली, जपून सांगा आणि पाठवून द्या.

बुधवारी आणि गुरुवारी मुलीचे शेवटचे दोन पेपर होते. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पाटावर बसली. मग म्हणाली, "आदीं पेपर जावंदी तिचे. मागीर सांगया." मलाही तेच हवं होतं.

दोन दिवस बायकोने तिला आवडणारं सगळं करून घातलं. तिसऱ्या, शेवटे, नारळाच्या रसातल्या शेवया. मुलगी हसली, एव्हाना शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काकी, माझं लग्न ठरवलंय का?" बायको चुलीकडे वळली.

गुरुवारी पेपर देऊन ती आली, जेवली. मग मी म्हणालो, "आईला बरं नाही. तुला निघायला हवं." किती बरं नाही, असं तिने विचारलं. मी म्हणालो, जरा जास्त. तिकिटांची व्यवस्था मी आधीच करून ठेवली होती. निघताना तिने बाजारात थांबायला लावलं आणि आईसाठी लोकरीची शाल घेतली, इस्पितळात गारठा असतो म्हणून. दुकानदाराने दोन रंग दाखवले. तिने मला विचारलं, कुठला? मी निळा म्हणालो.

दीड महिन्याने ती परत आली, शेवटचं वर्ष पुरं करायला. व्हरांड्यात बसून तिने आम्हाला सगळं सांगितलं. त्यांच्या घरात मुलांनी तोंड पाहिल्याशिवाय शवपेटीचं झाकण बसवत नाहीत. आईच्या उशाखाली माझा कागद सापडला होता. मामाने तो पेटीशेजारी ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की दोन दिवस थांबायचं. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी माणसं फाटकापाशी उभी राहिली. शुक्रवारी पहाटे झाकण बसवलं. ती शनिवारी पोचली. घराच्या गल्लीत शिरल्यावर तिला कळलं.

"तुमचा कागद बरोबर होता, सर," ती म्हणाली. "दोनच दिवस लागले." मग तिने विचारलं, "मेल कधी आला होता?"

"गुरुवारी."

बायको तोवर उठून आत गेली होती. आत भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

पुढचं वर्षभर ती आमच्याकडे नीट राहिली, नीट बोलली, पदवी घेऊन गेली. बायको दर वर्षी म्हाळाच्या दिवशी मागच्या गडग्यावर कावळ्यांसाठी एक पान जास्त ठेवायची. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

मेळाव्यातली ती बाई, मुलीची आई, मला तेव्हापासून दिसते. ग्रंथालयाच्या दारात दिसायची. शालीच्या दुकानासमोर अजून दिसते. रागाने बघत नाही. कागदाची घडी घालते, आणखी एक घडी घालते आणि उभी राहते. हल्ली तिच्याशेजारी बायको असते, पदर खोचून, पाठ माझ्याकडे करून.

बायकोचं बारावं झाल्यावर मी मुलीला पत्र लिहिलं. ती आता तिकडच्या एका संस्थेत आहे, मुलांना शिकायला परदेशी पाठवते. पहिलीच ओळ लिहायला मला दोन दिवस लागले: मेल मंगळवारी आला होता. काकी गेल्याचं त्यानंतर लिहिलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. एजंटाने तिला तो मेल तेव्हाच दाखवला होता. वार तिला ठाऊक होता. मी खरं सांगेन म्हणून तिने विचारलं होतं, आणि मग काकीसाठी पुन्हा कधी विचारलं नाही. काकी जेवायची थांबली असती, असं तिने लिहिलं होतं. आता मेळाव्यात टेबलाच्या अलीकडे ती बसते. आया तोच प्रश्न विचारतात. ती ठिपके काढते, रेघा ओढते, आकडा लिहीत नाही.

शेवटी तिने एवढंच विचारलं होतं: काकी किती वाजता गेल्या, आणि तुम्हाला किती वाजता सांगितलं?

पुतण्या रोज संध्याकाळी येतो. मी अजून त्याला विचारलेलं नाही.