धाकट्या साडूचा चिनी काढा

आता काय सांगू तुम्हाला! चहा आधी संपवून घ्या. माझं ऐकल्यावर तो घशाखाली उतरायचा नाही.

आमचे साडू विलासराव. भुसावळला रेल्वेत होते, आता पेन्शन खातात. मी रावेरचा केळीवाला, आणि सासरचा मोठा जावई. मोठा! हे ध्यानात ठेवा, सगळं दुखणं तिथंच आहे.

नसांत चरबी दोघांच्याही साचलेली. त्यांची पायांत, माझी थेट काळजाजवळ. म्हणजे आजारातही मी वरचढ! पण विलासरावांची लेक चीनमध्ये डॉक्टरकी शिकते. सुटीत येताना तिनं तिकडच्या झाडपाल्याच्या पुड्या आणल्या, आणि माझं वरचढपण संपलं.

धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी, आमच्या अक्कांनी, दोन्ही जावयांना धुळ्याजवळच्या गावी जेवायला बोलावलं. पहिला मान माझा. पण आदल्या संध्याकाळी जाऊन बघतो तर सगळं घर ओट्यावर विलासरावांभोवती!

"चिनी काढा शे," अक्का कौतुकानं सांगत होत्या. "दोन पावलं चालता ये ना, आते मारुतीना मंदिरलोंग जाई येतस!"

"सकाळ-संध्याकाळ काढा," विलासराव म्हणाले. "चुकवत नाही. लई हलकं वाटतं, भाऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काळजाचा रोगी, आणि कौतुक पायांचं?

बायको कानाशी लागली, "अहो, विचारा ना त्यांना, तुम्हाला चालेल का ते."

विचारायचं? मोठ्यानं? धाकट्याला? "आपल्याकडे काय पाला कमी आहे?" म्हणालो आणि आत जाऊन लोळलो. पण झोप कसली लागते! डोळ्यांपुढे विलासराव मारुतीपर्यंत चालतच होते.

पहाटे उठून परसात गेलो. चुलीशेजारी भलंमोठं पातेलं, वर ताट झाकलेलं. उचलून पाहिलं. तांबूस काळं पाणी, तळाशी मुळ्या आणि साली. हाच तो! इकडेतिकडे बघितलं, लोटा भरला, नाक दाबलं आणि घटाघटा प्यायलो.

चव विचारू नका. ओलं गोणपाट चोखल्यासारखी. पण औषध कधी गोड असतं का? आणि गंमत बघा, लगेच छाती मोकळी वाटायला लागली! मग सोडतो काय, आणखी एक लोटा. त्यांच्यापेक्षा जास्तच पडला पाहिजे ना पोटात! त्या भरात सकाळची डॉक्टरांची गोळीसुद्धा खिशातच राहू दिली.

दुपारी पंगत बसली. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. विलासरावांचं चीनपुराण पुन्हा सुरू झालं आणि मला राहवेना.

"मारुतीचं काय घेऊन बसलात? आज मी जाऊन आलो. पळत!"

तेवढ्यात परसातून मेव्हणी, म्हणजे विलासरावांची बायको, ओरडली, "अक्का, पातेलामानं पानी कोनी फेकं वं? आर्धं गयं!"

"असू दे," विलासराव म्हणाले. "कालचंच होतं. पुड्या संपत आल्यात, म्हणून आजही तेच वापरणार होतो."

"वापरणार?" माझा घास हातातच राहिला.

"पाय बुडवायला! त्यात पाय सोडून बसायचं, भाऊ. नसांसाठी गोळ्या आपल्या डॉक्टरांच्याच. हे थेंबभरसुद्धा पोटात घ्यायचं नाही, असं लेकीनं बजावलंय."

मी पाणी मागितलं. समोर आल्यावर तेही बघवेना.

बायकोनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, तिला काय सांगावं लागतं? "अहो... तुम्ही?"

मी मान खाली घातली आणि खिशातली न घेतलेली गोळी तिच्यापुढे ठेवली.

पंगतीतूनच तिनं आमच्या डॉक्टरांना फोन लावला. "काही त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. आणि गोळी सोडली कोणाच्या सांगण्यावरून?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेवटच्या पानावरच्यालाही ऐकू गेलं. कोणाच्या सांगण्यावरून? जळफळाटाच्या, दुसरं कोण!

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "बाई वं! मोठा जवाईनी ल्हाना जवाईना पायनं तीर्थ लिधं!"

सगळी पंगत हसून हसून लोळायची बाकी राहिली. अहो, लोक गुरूच्या पायाचं तीर्थ घेतात, आईबापाचं घेतात. साडूचं घेणारा, तेही चोरून आणि दोन लोटे, असा भक्त मी एकटाच!

विलासराव मात्र सभ्य माणूस. ते अजिबात हसले नाहीत. फक्त त्या दिवसापासून मी त्यांच्या घरात शिरलो, की ते आधी पायमोजे घालतात.