बिनचटणीचं वर्ष

पोटाचं ऑपरेशन माणसं जगण्यासाठी करून घेतात. मी ते तांबडा रस्सा खाता यावा म्हणून करून घेतलं. ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सांगितली की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या बायकोकडे बघून हळहळतो. त्याचं दोन्ही बरोबर असतं.

आमच्या घरात गॅसची शेगडी यायला अजून दोन-तीन वर्षं होती, तेव्हाचं हे. कोल्हापुरातल्या एका हायस्कूलात मी भूगोल शिकवत होतो. मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, घरात आम्ही दोघंच, लग्नाला सहा वर्षं झालेली. बायको नेसरीची. माहेरी मिरचीचं रान, त्यामुळे दर उन्हाळ्यात तिचा भाऊ एस.टी.च्या टपावर मिरच्यांचं पोतं टाकून आणायचा आणि आमच्याकडे वर्षाची कांदा-लसणाची चटणी व्हायची. मिरच्या वाळवायच्या, देठ खुडायचे, तेलावर भाजायच्या, धणे-तीळ-खोबरं भाजायचं आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. मग चिनी मातीच्या बरणीत हिंगाचे खडे घालून तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. तिच्या चटणीचं पेठेत नाव होतं, तसंच माझ्या खाण्याचंही होतं. मी पंगतीला बसलो की वाढपी रश्शाची बादली माझ्यासमोरच ठेवून जायचे, उगाच हेलपाटे कशाला म्हणून. वजन ब्याऐंशी किलो. त्या काळी त्याला लठ्ठ म्हणत नसत, "सर अंगानं बरं हायत" म्हणत.

मग जेवल्यावर तासाभरात पोटात आग पडायला लागली. पांढरं पाणी पाजून पोटाचे एक्स-रे फोटो काढले, त्यात अल्सर निघाला. डॉक्टर थंड डोक्याचे. म्हणाले, "घाई काही नाही. औषध देतो, वर्षभर पथ्य करा. दूधभात, मऊ भाजी. तिखट, तंबाखू, चहा बंद. नाहीच बरं वाटलं तर ऑपरेशन आहेच."

घरी येईपर्यंत बायकोनं मनाशी सगळं ठरवलं होतं. "एक वरीस द्या मला," ती म्हणाली. "मी घालीन ते गुमान खावा. वरसानं बघू."

मी तिला नऊ दिवस दिले. दहाव्या दिवशी शाळेतल्या एका मास्तरांकडे बोकड पडला होता. तिथं मी काय केलं ते सांगत नाही, पण अकराव्या दिवशी डॉक्टरांसमोर दुमडून बसलो होतो. "पथ्य मला जमायचं न्हाई," मी म्हणालो, "वर्षभर दूधभात खायला मी काय बाळंतीण हाय? एकदाच काय ते कापून टाका." आणि निघता निघता विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर तांबडा रस्सा चालेल न्हवं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. "चालेल की," ते म्हणाले, "सावकाश." मी फक्त "चालेल" ऐकलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकोनं माझी बाही धरली. "अजून एकदा इचार करा की. कापल्यालं परत लावता येत न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी ओरडलो. व्हरांड्यात आठ-दहा माणसं बसली होती, ती सगळी आमच्याकडे बघायला लागली. तिनं बाही सोडली आणि पदर सारखा केला. ते वाक्य मला अजून टोचतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. जठराचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला, असं मला नंतर सांगण्यात आलं. भूगोलाच्या मास्तराला प्रमाण कळतं. तरी आपल्या पोटाचं प्रमाण कळायला मला घरी यावं लागलं. चौथा घास गेला की गच्च. एका लहान वाटीत मावेल तेवढंच, तेही दिवसातून सहा वेळा. जेवताना पाणी नाही. गोड खाल्लं तर घाम फुटून आडवं व्हायची पाळी.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं स्वतःच्या आमटीला चटणीची फोडणी दिली. ठसका बाहेरच्या खोलीत आला आणि मला शिंक आली. पोटावर टाके असताना शिंकलेल्या माणसालाच ते कळेल. सगळी शिवण उसवली असं वाटून मी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि अशी बोंब मारली की शेजारच्या काकू धावत आल्या. बायको हातात पळी घेऊन दारात उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी बंद झाली. उन्हाळ्यात नेसरीहून पोतं आलं, ते तिनं आल्या एस.टी.नं परत धाडलं. बरणी धुऊन फळीवर पालथी घातली. कोल्हापुरातल्या घरात वर्षाची चटणी नाही म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. लोक दबक्या आवाजात चौकशी करून गेले. टाके तर पंधरा दिवसांतच निघाले होते, जखम भरली, तरी माझी सवय गेली नाही. खोकला येवो, शिंक येवो, कुणी विनोद करो, माझे दोन्ही हात आधी पोटावर. बायको माझ्या हातांकडे बघायची.

वजन अठ्ठावन्नावर आलं. शिंप्यानं विजारी दोनदा आत घेतल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "सर, आता दोन्ही खिसं मागं एकमेकाला लागायला लागल्यात." शाळेत मी नकाशासमोर उभा राहिलो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सरका म्हणायचं आता काम न्हाई, समदा भारत दिसतोय." स्टँडवर तर एका अनोळखी गृहस्थानं जवळ येऊन आस्थेनं विचारलं, "काय पावणं, सदऱ्यात कोण हाय का नुसता सदराच निघालाय?" आमच्या गावात आस्था अशीच दाखवतात.

मला पस्तावा होत होता. रोज, दर वाटीला होत होता. पण तो कबूल करायचा म्हणजे व्हरांड्यातल्या त्या वाक्यापर्यंत मागं जावं लागणार, म्हणून मी उलटंच बोलायला लागलो. "बरं झालं बाई ऑपरेशन केलं ते," मी रोज दूधभात पुढ्यात घेऊन म्हणायचो. "कसं हलकं वाटतंय!" बायको म्हणायची, "व्हय." त्या 'व्हय'पेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर गडमुडशिंगीला थोरल्या बहिणीच्या घरी जेवणावळ होती. अक्कानं माझा हाडकुळा अवतार बघून डोळ्यांना पदर लावला आणि शपथ घालून दोन पुरणपोळ्या आणि वाटीभर गुळवणी मला खायला लावली. बायकोनं दोनदा खुणावलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. दहा मिनिटांत मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, हातपाय कापायला लागले आणि मी सोप्यात भिंतीला टेकून बसलो, डोळे अर्धवट मिटलेले.

"अंगात आलंय!" कुणीतरी म्हातारी ओरडली. "भंडारा आणा, भंडारा!"

भंडारा आला. कपाळभर फासला. माणसं हात जोडून समोर बसली. एका म्हाताऱ्यानं पुढं सरकून विचारलं, "देवा, माझी म्हस चार दिस झालं सापडंना. कुठं गेली आसंल?" मला बोलायचं त्राण नव्हतं. दार सोडा, वारा येऊ द्या, असं सांगायला मी दाराकडे हात केला. म्हाताऱ्यानं पागोटं उचललं आणि तो त्या दिशेनं निघून गेला.

तेवढ्यात गर्दी हटवत बायको आली. पदरानं माझं कपाळ पुसत ती म्हणाली, "देव न्हाई, गुळवणी आलीया अंगात! सरका तिकडं, वारा लागू द्या!"

म्हैस त्याच बाजूच्या ओढ्याला सापडली असं अक्का अजून सांगते. मी चौकशी केली नाही, पण पुढच्या वर्षी तो म्हातारा नारळ घेऊन मला शोधत आला होता एवढं खरं. त्या दिवशी परत येताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, "आता बरं वाटतंय." ती म्हणाली, "व्हय."

त्यानंतर महिन्याभरानं, एका शनिवारी, शाळा सकाळची होती आणि ती नेहमीपेक्षा लवकर सुटली. घरी आलो तर दाराला नुसती कडी. काकूंच्या स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं म्हणून तिकडं डोकावलो. बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातावर भाकरी, भाकरीवर हिरव्या मिरचीचा खरडा, वर तेलाची धार. नाक-डोळे वाहत होते आणि ती भराभरा खात होती. मला बघताच तिनं भाकरी पदराखाली घातली.

"घे, आलं तुझं मालक," काकू म्हणाल्या. त्यांचं बोलणं नेहमीच सरळ. "आता बघितलंयसा तर ऐका. धा म्हयनं झालं, रोज दुपारी येतीया माझ्याकडं. तुमाला ठसका नगं, वास नगं, म्हणून हितं खातीया. जाताना तोंड धुतीया, बडीशेप चावून जातीया."

हे बडीशेपेचं तंत्र मला चांगलं माहीत होतं; आमची दहावीची पोरं विडी ओढून वर्गात येताना हेच करत. काहीतरी चेष्टेनं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. मिरचीच्या देशातली मुलगी, जिच्या चटणीचं पेठेत नाव, ती चोरासारखी लोकांच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि सगळं मी नऊ दिवसांत दमलो म्हणून. मला स्वतःची लाज वाटली. मी खाली फरशीवरच बसलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तू एक वर्ष मागितलं होतंस. द्यायला पायजे होतं. आणि चार माणसांत तसं बोलायला नको होतं."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या. ती कसली म्हणते! भाकरी बाहेर काढून ताटलीत आपटली. "आता म्हणतायसा! धा म्हयनं वाट बघायली हाय मी. बरं झालं, हलकं वाटतंय, बरं झालं, हलकं वाटतंय! मला वाटलं माझ्यावरच राग धरून हायसा. दवाखान्यात मी वंगाळ बोलले म्हणून दुखणं वाढलं, असं मनात धरून हायसा."

"तुझ्यावर कशाला राग? मी माझ्यावरच चिडलोय की."

"मग तसं सांगायला तोंड न्हवतं?"

नव्हतं, हेच खरं. काकू पाण्याचा तांब्या ठेवून मागल्या दारी गेल्या. मी तिच्या भाकरीचा कोपरा मोडला, खरड्याला नुसता टेकवला आणि तोंडात घातला. जीभ पेटली. पोटानं काही तक्रार केली नाही.

"सावकाश," ती म्हणाली. डॉक्टरांचा शब्द मला तेव्हा कुठं ऐकू आला.

पुढं सगळं एकदम बरं झालं, असं नाही. अर्धी भाकरी एका बैठकीला खायला मला मार्च उजाडला. पंगतीतली बादली कायमची गेली, ती गेलीच. पण त्या महिन्यात मी मेहुण्याला कार्ड टाकलं, पोतं पाठवा म्हणून. ते आलं. चार दिवस दोघांनी मिळून देठ खुडले. पाचव्या दिवशी तिनं मोठी कढई चुलीवर ठेवली आणि मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. मी गेलो नाही. तिच्या हातातला झारा घेतला आणि मिरच्या परतायला बसलो.

पहिला घाणा तांबूस व्हायला लागला आणि धूर उठला. काकूंच्या घरातून खोकल्याचा आवाज आला, समोरच्या घरातून आला. मग मला शिंक आली. मग दुसरी. ओळीनं पाच आल्या, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी शिव्या देत परततोय.

सहाव्या शिंकेला बघितलं तर बायको सूप हातात धरून तशीच उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या हातांकडे बघत होती. एक हात झाऱ्यावर होता, दुसरा कढईच्या कडीवर फडकं धरून होता. दोन्ही तिथंच होते.

मिरचीच्या धुरानं तिचेही डोळे वाहत होते. ते तिनं पुसले नाहीत.

"परत एकदा शिंका की," ती म्हणाली.