तिफणीचा फोटो आणि टायपिंगवाली बाई

वाशीमच्या कोर्टासमोर टेबल टाकून बसणाऱ्या त्या टायपिंगवाल्या बाईचा मले अजून हेवा वाटते. तिचं नाव मी विचारलं नाही.

मी अनसिंगचा सुतार, पेरणीच्या तिफणी बनवतो. सुनेनं आमच्या दुकानाची वेबसाइट काढली अन् तिच्यावर इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याच तिफणीचा फोटो लावला. फोटोवाल्याच्या वकिलाची नोटीस आली, भरपाई द्या म्हणून.

बाईसमोर पाच माणसं गुपचूप उभी होती. माझ्या दुकानासमोर अशी माणसं उभी राहत, त्याले आता जमाना झाला. तिनं चष्मा पुसला, ओळीखाली बोट फिरवत नोटीस दोनदा वाचली.

"बाबा, भांडाचं हाय का उत्तर द्याचं हाय?"

"लिहा, फोटोतली तिफण माहीच हाय. कोणाले काय समजते?"

तिनं मोबाइलवर फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. "हे काम तुमच्या हातचं?"

तिफणीच्या दात्यापाशी, लाकडाच्या जोडात, चांगली बोटभर फट होती.

"असं भिकार काम मी करत नाही," मी बोललो.

"मंग खोटं कायले लिहू?"

अन् बटनांकडे न पाहता ती लिहीत गेली. फोटो चुकीनं लागला, काढून टाकला. तो तुमचाच असल्याचा पुरावा पाठवा, मग रकमेचं बोलू. मी सही केली.

घरी सून म्हणे, "मामाजी, किती छान लिहिलं बाईनं."

म्हटलं, "अक्षर बारीक हाय."