वच्छलाकाकूचा आवाज

आदिलाबादच्या नर्सिंग कॉलेजात रूपालीच्या वर्गात चाळीस मुली, आणि घरी मराठी बोलणारी ती एकटीच. शिकवणं इंग्रजीत, गप्पा तेलुगूत. रूपाली तलमडुगुकडच्या एका खेड्यातली, कापूस पिकवणाऱ्या डोमाजीची थोरली लेक. शाळा तेलुगूत झालेली, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. पण घाबरली की तिच्या तोंडून मराठीच निघायचं. पहिल्या वर्षी हाडांची नावं काही केल्या पाठ होईनात, तेव्हा ती जिन्यात बसून स्वतःशीच बडबडत रडत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, कुठली तू? इतकं काय झालं रडायला?"

त्या मीनाक्षी मॅडम. समाज-आरोग्य हा विषय शिकवायच्या. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून आदिलाबादेत, सगळे नोकरदार. त्या दिवसापासून मॅडम तिच्याशी मराठीतच बोलायच्या. रविवारी घरी जेवायला बोलवायच्या, तिच्या इंग्रजी वह्या स्वतः तपासायच्या. "आपल्या माणसानं आपल्या माणसाला धरून राहावं," असं म्हणायच्या. रूपालीला ते अगदी खरं वाटे.

चौथ्या वर्षाला प्रत्येकीला एक प्रोजेक्ट करावा लागतो. रूपालीनं विषय घेतला तो सगळ्यांना अवघड वाटला: बाळंतपणानंतर बायकांचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येणं. गावात हे दुखणं किती जणींना आहे, याची तिला लहानपणापासून कल्पना होती. वाकून कापूस वेचताना मधेच कुणी बाई झाडाआड जाऊन बसायची आणि बाकीच्या काही विचारायच्या नाहीत. मॅडमनी विषय ऐकला आणि तिची पाठ थोपटली. त्याच तिच्या गाईड झाल्या.

दिवाळीनंतर कापूस वेचायच्या दिवसांत रूपाली पंधरा दिवस गावात राहिली. कॉलेजचा संमतीचा कागद तेलुगूत होता. तिनं तो स्वतःच्या हातानं मराठीत लिहून काढला आणि दुपारच्या सुट्टीत बायकांना वाचून दाखवला. 'नाव, गाव कुठंही सांगितलं जाणार नाही' ही ओळ ती दोनदा वाचायची.

शेजारच्या वच्छलाकाकूनं अंगठा द्यायच्या आधी विचारलं, "पोरी, हे कोनाले दाखोशीन?"

"कोनालेच नाई काकू. माह्या मॅडमले फक्त. त्या बी आपल्यातल्याच हायेत."

वच्छलाकाकू म्हणजे जिच्या ओसरीवर रूपाली लहानाची मोठी झाली ती. आई जयवंताबाई शेतावर गेली की काकूच तिला जेवू घालायची. काकूनं मग खाली बघत, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत सगळं सांगितलं. धाकट्याच्या बाळंतपणापासून चौदा वर्षं होता तो त्रास. ओझं उचललं की अंग बाहेर येतं, हातानं सारावं लागतं. "तुह्या भिवाजीकाकाले बी मालूम नाई," ती म्हणाली. "मले वाटे, मीच पापीन हावो." रूपालीनं तिचा हात धरला. हे दुखणं आहे, पाप नाही, आणि याला इलाज आहे, असं सांगितलं. चौदा जणी बोलल्या, कारण काकू आधी बोलली.

ते सगळं रूपालीनं बायकांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, लिहिताना काही सुटू नये म्हणून. मॅडम म्हणाल्या, "रेकॉर्डिंग पाठव माझ्याकडे. तुझं इंग्रजी कच्चं आहे, मी नीट करून देते." तिनं पाठवलं. त्यात वावगं काही आहे, हे तिच्या मनातही आलं नाही.

फेब्रुवारीत मॅडम एका परिषदेला हैदराबादला जाऊन आल्या. बक्षीस मिळालं, कॉलेजच्या फलकावर फोटो लागला. कशाबद्दल, ते रूपालीनं आनंदाच्या भरात विचारलंही नाही. आठवड्यानं जयवंताबाईचा फोन आला.

"काय केलं वं तू? वच्छलाचा आवाज साऱ्या गावाच्या मोबाइलात वाजून राह्यला."

मॅडमनी चार मिनिटांचा व्हिडिओ केला होता. मागं कापसाचं शेत, खाली इंग्रजी अक्षरं, गावाचं नाव ठळक. आणि आवाज काकूचा, जसाच्या तसा. 'तुह्या भिवाजीकाकाले बी मालूम नाई.' परिषदेतून तो कुणी कुणाला पाठवला आणि फिरत फिरत गावच्या ग्रुपवर आला. चौकात बसलेल्या माणसांनी तो भिवाजीच्या देखत लावला. भिवाजी उठून घरी आला, आपली बाज उचलून त्यानं अंगणात टाकली आणि बायकोशी बोलणं सोडलं.

रूपाली धावतच मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम पेपर तपासत होत्या.

"मॅडम, नाव-गाव येणार नाही असं मी लिहून दिलं होतं."

"नाव कुठं आलंय? चेहरा तरी आहे का?"

"आवाज आहे ना, मॅडम. गाव लिहिलंय."

"रूपाली, जरा मोठा विचार कर. हजारो बायकांना याचा फायदा होईल. आणि शेवटी तुझंही नाव टाकलंय मी, पाहिलंस का?"

पाहिलं होतं तिनं. बारीक अक्षरात, 'साहाय्य'. तिच्या चार वर्षांच्या रविवारच्या जेवणांची चव त्या क्षणी तोंडात कडू झाली. ती एवढंच म्हणाली, "तुमी आपल्या होत्या म्हनून दिलं मी." मॅडमनी पेन उचललं आणि पुढचा पेपर घेतला.

ती शनिवारी गावी गेली. वच्छलाकाकूनं दार उघडलं नाही. आतूनच बोलली, "तू लहान हाय, तुले समजलं नसन. पन तो माहा आवाज व्हता वं पोरी. तो मी तुले देल्ता, जगाले नाई." रूपाली उन्हात उभी राहिली. बराच वेळ वाट पाहिली. शेजारणी आपापल्या दारातून बघत होत्या, एकीनंही तिला ये म्हटलं नाही.

परत येऊन तिनं प्राचार्यांना लेखी तक्रार दिली. अंतर्गत गुण मॅडमच्या हातात आहेत, हे सगळ्या मैत्रिणींनी तिला बजावलं. तरीही तिनं दिली आणि रेकॉर्डिंग आपणच पाठवल्याचंही त्यात लिहिलं. अकरा दिवसांनी व्हिडिओ काढला गेला. तोवर तो किती फोनांत उतरला होता कोण जाणे. मॅडमना समज दिली म्हणतात. रूपालीला गुण कमी पडले, पण ती पास झाली. त्यानंतर मॅडम तिच्याशी फक्त तेलुगूत बोलल्या, हजेरी घेण्यापुरत्या.

आज रूपाली इचोड्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. त्या चौदांपैकी दोघीजणी गुपचूप तिच्याकडे आल्या. त्यांना तिनं डॉक्टरीणबाईंकडे नेलं, एकीला आत बसवायची रिंग मिळाली, दुसरीचं ऑपरेशन झालं. बाकीच्या तिला बाजारात पाहून रस्ता बदलतात.

वच्छलाकाकू भावाच्या आधारानं यवतमाळला गेली आणि तिथं ऑपरेशन करून आली. हे रूपालीला आईकडून फोनवर कळलं.

"बरी हाय का?" तिनं विचारलं.

"हिंडून-फिरून राह्यली. भिवाजी बी आता घरात झोपते."

"माह्याबद्दल काही बोलली?"

"नाई वं बाई."

रूपालीनं बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ओपीडीत रांगेत बसलेल्या पहिल्या बाईला हाक मारली.