चारशे दिरहम लांब

माझ्या पगारात चारशे दिरहम कमी पडत होते, म्हणून लग्नानंतर दीड वर्ष माझी बायको चिंचवडला माझ्या आईवडिलांबरोबर राहिली आणि मी शारजात एका खोलीत तीन परपुरुषांबरोबर.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. साताऱ्याचे कदमसाहेब शारजात बांधकामाची कंत्राटं घ्यायचे आणि मी त्यांच्याकडे ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे इंजिनिअर जे बोटाने हवेत दाखवायचे, ते मी कागदावर काढायचो. पगार छत्तीसशे दिरहम. (म्हणजे छत्तीस हजार रुपये, असं आई सगळ्या सोसायटीला दहाने गुणून सांगायची. त्यातले किती खोलीभाड्यात आणि खाण्यात जातात, ती वजाबाकी तिने कधीच केली नाही.) आणि बायकोला आणायचं तर पगार चार हजार हवा, असा नियम. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या मल्याळी गृहस्थाने माझं सॅलरी सर्टिफिकेट एकदाच पाहिलं आणि परत दिलं.

"भाईसाब, चार सौ कम है."

"थोडा अॅडजस्ट नहीं होगा?"

"गवर्न्मेंट है, भाईसाब. दुकान नहीं है."

मग मी कदमसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बघू. इन्शाल्ला." स्थानिक माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा काम देवावर सोपवतो. कदमसाहेब म्हणायचे तेव्हा ते पुढच्या वर्षावर सोपवायचे.

दुसऱ्यांदा विचारायला मी चांगला मुहूर्त शोधला. एका शुक्रवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. कदमवहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. साहेबांच्या तोंडात घास होता, चेहऱ्यावर समाधान होतं. मी म्हणालो, "साहेब, ते चारशेचं जमलं तर शुभाला आणता येईल." साहेबांनी डोळे मिटून दोनदा मान हलवली. मला भरून आलं. मी आणखी एक पोळी वाढून घेतली. हात धुताना साहेब वहिनींना म्हणाले, "अगं, मी केव्हाचा मानेने तूप मागतोय, लक्ष कुठे होतं तुझं?"

त्यांची आठ वर्षांची मुलगी शेजारीच बसली होती. तिने मला शांतपणे विचारलं, "अंकल, इज युवर वाइफ रिअल?"

मी हसलो. पण परतताना बसमध्ये मलाही थोडी शंका आली. लग्नानंतर आम्ही एकत्र राहिलो ते एकोणीस दिवस. त्यातले चार सत्यनारायण आणि जेवणावळी यांत गेले. शुभा मला आठवायची ती बरीचशी पाठमोरी, ओट्यापाशी, कुकरच्या वाफेत.

त्या काळी ऑफिस दुपारी एक ते चार बंद असे. बाहेर ऊन इतकं पांढरं असायचं की समोरची इमारत कुणीतरी खोडून टाकल्यासारखी वाटे. सगळे खोलीवर जाऊन झोपायचे. मी ड्रॉइंग बोर्डपाशीच राहायचो. एसी घुमायचा, खिडकीच्या फटीतून एक उन्हाची पट्टी कागदावर सरकत यायची, आणि मी शुभाला पत्र लिहायला घ्यायचो. पत्रात लिहायचं काय? खोलीतल्या भांडणांबद्दल लिहिण्यात अर्थ नव्हता. म्हणून पहिल्याच पत्रात मी आमचं घर काढलं.

सुरुवातीला साधंच काढलं होतं. एक बेडरूम, एक हॉल. दुसऱ्या पत्रात बाल्कनी आली. तिसऱ्यात बाल्कनीसमोर समुद्र आला. (समुद्राला भाडं पडत नव्हतं, म्हणून मी तो दोन बाजूंना काढला.) चौथ्यात हॉलमध्ये झोपाळा, पाचव्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळस. सगळं स्केलप्रमाणे, नीट मापं टाकून. बाणाने दाखवून बारीक अक्षरात लिहायचो, 'इथे तू संध्याकाळी बसशील', 'इथून मी येताना दिसेन.' काढता काढता मला त्या घरात वारा लागायचा. चार वाजता लोक परत यायचे, तेव्हा मी समुद्रावरून उठून आल्यासारखा त्यांच्याकडे बघायचो.

"घर फायनल झालं का?" तिने एकदा फोनवर विचारलं.

"जवळजवळ," मी म्हणालो. तेवढ्यात बूथमधलं कार्ड संपलं. देवाने वाचवलं, असं मला वाटलं.

शुभाने त्या मापांचे पडदे शिवायला घेतले, हे मला पुढच्या पत्रातून कळलं. आता माघार घेणं अवघड होतं. मी सहावं घर आणखी मोठं काढलं.

आणि तिथेच घोटाळा झाला. त्याच सुमारास बू सालेम नावाचे एक वयस्कर अरब गृहस्थ त्यांच्या मजुरांच्या कॅम्पमध्ये संडासांची नवी इमारत बांधून घेणार होते. दोन रांगांत बारा-बारा, असे चोवीस संडास. तो नकाशाही मीच काढला होता. एका दुपारी मी दोन्ही कागद घड्या घालून दोन पाकिटांत भरले. एक पोस्टात टाकलं, दुसरं साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कदमसाहेब मला घेऊन बू सालेमांकडे गेले. त्यांच्या बैठकीत गालिच्यावर बसलो, छोट्या कपांतून कडू कॉफी आली. बू सालेमांनी चष्मा लावला आणि कागद उघडला. मी लांबूनच पाहिलं. कागदाच्या दोन्ही बाजूंना निळ्या पेन्सिलने लाटा काढलेल्या होत्या.

ते बराच वेळ बघत राहिले. तरुणपणी त्यांची लाँच मुंबईला खेपा करायची, त्यामुळे त्यांना बंदरावरचं हिंदी यायचं.

"कदम," ते म्हणाले, "ये लेबर के वास्ते?"

"हां जी. एकदम मजबूत," कदमसाहेब कागद न बघताच म्हणाले.

"बहुत अच्छा. मगर ये क्या है?" त्यांनी झोपाळ्यावर बोट ठेवलं.

कदमसाहेब वाकले. त्यांनी नकाशा पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा नकाशा.

"और इधर क्या लिखा?"

साहेबांना वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पंचवीस वर्षं सिमेंट आणि सळयांत काढलेल्या आवाजात त्यांनी वाचलं, "'इथे झोपाळ्यावर बसून तू माझी वाट बघ. मी आलो की उठू नकोस.'" मग त्याचं हिंदी करून सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले. माझ्या कानांचं मी काही सांगत नाही, मी गालिच्यावरची नक्षी मोजत होतो.

बू सालेमांनी मला जवळ बोलावलं. "बीबी?"

"हां जी."

"किदर?"

"इंडिया."

"कितना टाइम?"

"सोला महिना."

"क्यूं?"

मी कदमसाहेबांकडे पाहिलं. ते कॉफीच्या कपात बघत होते, आणि कप रिकामा होता. मी म्हणालो, "वीजा के लिए चार हजार पगार मांगता. मेरा छत्तीस सौ है."

बू सालेमांनी चष्मा काढला. मग त्यांनी कागदाची घडी, आधीच्या घडीवर घडी बसेल अशी, सावकाश घातली आणि माझ्या हातात दिली. "ये बीबी को भेजो. कदम, तुम हमको बाथरूम का कागज कल भेजो. और..." आणि ते कदमसाहेबांकडे बघत राहिले.

परतताना गाडी सिग्नलला थांबली. साहेब म्हणाले, "एक तारखेपासून चार हजार. आणि यापुढे झोपाळे घरी काढायचे."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण साधारण दोन मिनिटं. मग माझ्या लक्षात आलं की चोवीस संडास आता चिंचवडच्या वाटेवर आहेत.

मी फोन केला, तर बाबांनी उचलला. "पत्र आलं तर उघडू नका," एवढं सांगितलं. त्यांनी साहजिकच उघडलं. तीन आठवड्यांनी शुभाचं उत्तर आलं.

'घराचा नवा नकाशा मिळाला. आईंनी शेजारी दाखवला. त्या म्हणतात, येणारे-जाणारे खूप असतील म्हणून केले असतील. बाबा म्हणतात, एवढे आहेत तर पाण्याची टाकी मोठी घ्या. समुद्र या वेळी दिसला नाही. खिडक्या मात्र लहान आहेत, दीड बाय दीड. चोवीस पडदे शिवायला वेळ लागेल. स्वयंपाकघर कुठे आहे ते कळवावे.'

मी तीन पानांचं स्पष्टीकरण पाठवलं. त्यावर तिने काहीच लिहिलं नाही.

नवं सर्टिफिकेट घेऊन मी टायपिंग सेंटरला गेलो. त्या गृहस्थाने चार हजारावर बोट ठेवलं, वर पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. "मबरूक, भाईसाब." भाडेकरार हवा होता, म्हणून परवडणारा एक स्टुडिओ घेतला. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, आणि एक खिडकी. खिडकीसमोर हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत, आणि तिच्यावर ठिबकणारे सात एसी. समुद्र चाळीस मिनिटांवर, तोही रस्त्यात गाड्या तुंबल्या नसतील तर.

डिसेंबरमध्ये शुभा आली. विमानतळावर ती समोरून येताना दिसली, आणि पाठमोरी नसल्यामुळे मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होतो. कुलूप उघडलं. ती आत आली, खोलीच्या मधोमध उभी राहिली. एकदा चारी बाजूंना वळून पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"शुभा," मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचंय. ते घर..."

"नव्हतंच," ती म्हणाली आणि पर्स ओट्यावर ठेवली.

"तुला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्या पत्रापासून."

"मग पडदे?"

"ते आईंसाठी. त्या रोज विचारायच्या घर कुठवर आलं म्हणून. शिवत बसले की गप्प बसायच्या." तिने बॅग उघडली. वर साड्या, त्यांच्याखाली माझी सगळी पत्रं, रबर लावून. तिने पहिला नकाशा काढून माझ्यासमोर धरला. "अहो, बघा ना नीट. हॉल आहे, खिडक्या आहेत. दार कुठाय?"

मी पाहिलं. दार नव्हतं. दुसरा पाहिला. मग तिसरा, चौथा. समुद्र वाढत गेला होता, तुळस आली होती, झोपाळा आला होता. आत यायला जागा एकातही नव्हती.

"दार नसलेलं घर कोण भाड्याने देईल?" शुभा म्हणाली. "म्हटलं, हे झोपेतच काढलंय. मग जागं कशाला करायचं. चहा कुठे ठेवलाय?"

तिने चहा केला. जमिनीवर बसून आम्ही तो प्यायलो. समोरचे सात एसी एका लयीत ठिबकत होते, तिला तो पावसासारखा आवाज आवडला. तिच्या केसांना अजून चिंचवडच्या घरचा वास येत होता. मला वाटलं, मी काढलेल्या एकाही घरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

शनिवारी ऑफिसला गेलो. दुपारी एक वाजता सगळे गेल्यावर, साहेबांना न सांगता, मी दीड वर्षात काढलेले कंपनीचे सगळे नकाशे बाहेर काढून तपासायला बसलो. दोन दुमजली बंगल्यांना जिना नव्हता. त्यातल्या एका बंगल्यात माणसं राहायलाही गेली होती.