तीन हाका

माझे वडील भित्रे होते, हे मी आधीच सांगून मोकळी होते. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. ते, म्हणजे नाथाजी, एकोणीसशे चाळीस साली लष्करात भरती झाले आणि वर्षभरानं रजेवर घरी आले ते माळ्यावरच चढून बसले. "मी न्हाई जात, मला मारत्याली," एवढंच म्हणायचे. परत गेले नाहीत तर पोलीस हातकड्या घालून नेणार होते. शेवटी धाकटा भाऊ गुंडा त्यांचे कागद खिशात घालून निघाला. हजर व्हायचं होतं नव्या पलटणीत, आणि कागदावर फोटो नव्हता. गुंडाकाकानं पाच वर्षं ब्रह्मदेशाकडं नाथाजी म्हणून लष्करी गाड्या चालवल्या आणि नाथाजीच्याच नावाची सुटकेची चोपडी घेऊन तो रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परत आला.

पण मला सांगायचंय ते काकाच्या बायकोचं, साळूकाकीचं. मी तेव्हा पाळण्यात होते. आईनं आणि पुढं काकीनं स्वतः मला हे इतक्यांदा सांगितलंय की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

लढाई संपल्यावर लष्कर जुन्या गाड्या विकत होतं. काकानं एक ट्रक घेतला. काकीच्या पाटल्यासुद्धा त्यात गेल्या. गूळ भरून सांगलीच्या पेठेत न्यायचा बेत होता. पण नुसता ट्रक असून भागत नाही, परवाना लागतो. मुंबई सरकारचा परवाना पुण्याच्या कचेरीतून आणायचा. सांगली तेव्हा संस्थान, तेव्हा त्यांच्या हद्दीत शिरायला त्यांचा वेगळा. पुण्याचा कागद हातात असल्याशिवाय सांगलीवाले दारात उभं करत नव्हते. लष्करातून सुटलेल्यांचा नंबर पुण्यात आधी लागायचा, म्हणून काकानं अर्ज नाथाजीच्या नावानं केला. दुसरं नाव लावतो कसं? मग कुणा जळक्यानं निनावी पत्र टाकलं, की हा इसम नाथाजी नव्हेच, हा त्याचा धाकटा भाऊ आहे. चौकशीला पोलीस जमादार येणार असा सांगावा आला.

घरातल्यांची पाचावर धारण बसली. ट्रक तर जाणारच होता, शिवाय सरकारला फसवलं म्हणून काका तुरुंगात आणि पळपुटा म्हणून माझे वडील त्याच्या शेजारी. मग ठरलं, जमादारापुढं काका थोरला नाथाजी आणि वडील धाकटे गुंडा. गाव फुटणार नव्हतं, पोलीस पाटील भावकीतलाच होता. धास्ती होती ती साळूकाकीची.

काकी थोरल्या दिरापुढं कधी बसली नव्हती. त्यांचं नुसतं खाकरणं ऐकलं तरी तिचा पदर आपोआप कपाळावर यायचा. आणि जमादार याच मुलखातला. बाई कुणाला बघून पदर ओढते यावरूनच तो घरातला थोरला ओळखणार. म्हणून आठ दिवस आईनं तिच्याकडून सराव करून घेतला. वडील समोरून जायचे आणि काकीनं नुसतं बसून राहायचं. तिला ते जमेना.

"जाऊबाई, माझा हातच माझं ऐकत न्हाई," ती रडत म्हणायची. "माझ्यापायी समद्यांस्नी बेड्या पडत्याल."

सोमवारी जमादार आला. सोप्यात घोंगडीवर बसला, शेजारी पोलीस पाटील. काकानं चोपडी पुढं केली. जमादारानं पानं उलटली, काकाला पलटणीचं विचारलं, गाड्यांचं विचारलं. तिथं काका कशाला अडतोय! मग त्यानं काकीला बोलावलं. ती खांबाला टेकून उभी राहिली.

"तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

काकीनं पदराचं टोक दातात धरलं. जमादार हसला.

"ऱ्हाऊ दे. न्हाई घ्येणार, म्हाईत हाय मला. घरात आनि कोन हाय?"

"धाकला भाऊ हाय, गुंडा," काका मध्येच बोलला. "गोठ्यात आसंल."

"तुमी गप बसा," जमादार म्हणाला. "बाई, तू मार हाक. धाकल्या दिराला हाक माराय काय हरकत हाय?"

पदराचा सराव आठ दिवस केला होता. हाकेचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे काकी दुधाबरोबर प्यायलेली. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर पाच वर्षं लढाईवर गेलेल्या नवऱ्यासाठी देवापुढंसुद्धा तिनं नाव न घेता पदर पसरला होता. आणि आता तो समोर बसलेला असताना त्याला ओरडून हाक मारायची. काकानं तिच्याकडं बघितलं.

"गुंडा," काकी म्हणाली.

गोठ्यातून आवाज नाही. माझे वडील तिथं भिंतीला चिकटून उभे होते. शिवाय ती हाक आपल्याला आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरायला नको का?

"जोरात मार," जमादार म्हणाला.

"गुंडा!"

तरी कुणी येईना. जमादाराच्या भुवया चढल्या. काकीनं डोळे मिटले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आरं ए गुंडा, बाहीर ये की रं!"

तेव्हा कुठं वडील शेणाच्या हातांनी दारात आले. "काय वं वैनी?" म्हणाले. काकीचा हात पदराकडं निघाला होता. तिनं दोन्ही हातांनी खांब धरला आणि पदर न ओढता थोरल्या दिरापुढं उभी राहिली.

जमादारानं चौकशीचा कागद गुंडाळला. जाताना पाटलाला म्हणाला, "पत्र खोटं हाय. माजी बायकू मेली तरी माजं नाव घ्यायची न्हाई. हिनं तीनदा घ्येतलं. त्यो हिचा नवरा कसा आसंल?"

महिन्याभरात पुण्याचा परवाना आला, मागोमाग सांगलीचा. ट्रकच्या दारावर मालक म्हणून नाथाजीचं नाव रंगवलं. माझे वडील पेढे वाटत फिरले. काकी त्या दिवशी जेवली नाही. तीन हाकांनी नवऱ्याची किती वर्षं गेली असतील, हा हिशोब तिला आयुष्यभर सुटला नाही. ट्रक सांगलीला गेला की तो ओढ्यापाशी भोंगा वाजवेपर्यंत ती तोंडात पाणी घेत नसे. वडिलांचा मला राग येतो तो यासाठी. भीती त्यांची होती आणि जन्मभर वागवली काकीनं.

पुन्हा कुणी चहाडी करू नये म्हणून घरीदारी, लग्नपत्रिकेतसुद्धा काका नाथाजीच राहिला. गुंडा या नावानं त्याला कुणी बोलावलंच नाही.

काकी आधी गेली. शेवटच्या दुखण्यात काका उशाशी बसलेला. मी पायाशी होते.

"साळू," तो म्हणाला, "एकदा माज्या नावानं हाक मार. त्या दिसापास्नं कुणीच मारली न्हाई गं."

काकीनं त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले. मग तिनं मान हलवली.

"नगं," ती म्हणाली. "तुमास्नी आजून जगायचं हाय."

ती दुसऱ्या दिवशी गेली. काका पुढं अकरा वर्षं जगला.