टायरच्या दुकानावरचे बोलके फोन

आमच्या क्लासातले किस्से मी मुद्दाम साठवत नाही. खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढला की चार खाली येतात. आता एक ओढलाच आहे, तर ऐका.

क्लास द्वारका चौकापासून जरा आत, टायरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. शिकवते मी. मला दिसत नाही आणि शिकणाऱ्यांनाही दिसत नाही. शिकवायचं एवढंच, की कॉम्प्युटर आणि मोबाईल स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतात. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सोय आतच असते, ती चालू करायची आणि कान द्यायचा. तरी नवा माणूस भेटला की विचारतोच, "हे तुमचे खास फोन कुठे मिळतात हो?"

मी सांगते, "तुमच्या खिशात!"

* * *

मध्यंतरी एका मंडळाला आमची दया आली. अध्यक्षांनी भाषण केलं, फीत कापली आणि क्लासला देणगी दिली. काय दिलं असेल? ट्यूबलाइट! आणि भिंतीवर लावायचं एक मोठं घड्याळ. ठोके देणारं असतं तर निदान उपयोगी तरी पडलं असतं. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या.

काही दिवसांनी संध्याकाळी खालचे टायरवाले शेठ वर आले. "मॅडम, नव्या ट्यूब बसवल्यात ना? मग अंधारात काय बसलाय सगळे?"

आमचे विलासकाका म्हणाले, "लावा की शेठ. आम्हाला काही त्रास होत नाही."

* * *

हे विलासकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. काचबिंदूने नजर गेली, पण वीज वाचवायची खोड काही गेली नाही. फोनची स्क्रीन पूर्ण काळी ठेवून फोन वापरता येतो, हे मी शिकवलं त्या दिवशी सगळ्यात जास्त खूश तेच झाले. "मला लागत नाही तर जाळायची कशाला?"

एकदा अंघोळीला जाताना काकांनी फोनचा आवाज बंद करून तो चार्जिंगला लावला. मुलाने पाहिलं तर स्क्रीन काळी. बटण दाबलं तरी काळीच. बाबांचा फोन गेला म्हणून पोरगा लगेच रिपेअरिंगवाल्याकडे धावला. त्याने नवा डिस्प्ले टाकला, तरी काळाच! मग त्याने दुसरा टाकला. तोही काळा! शेवटी दोघे घाम पुसत काकांकडे आले. काकांनी फोन हातात घेतला, आवाज वाढवला, आणि फोनने बॅटरी पूर्ण भरल्याचं सांगितलं.

काका क्लासात येऊन म्हणाले, "अरे, मला एका शब्दाने विचारायचं होतं! पण आंधळ्याला स्क्रीनमधलं काय विचारायचं?"

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं.

* * *

आम्ही ऐकतो फार वेगात. सवय झाली की सावकाश बोलणाऱ्या फोनचा कंटाळा येतो. माझा फोन ज्या स्पीडने बोलतो, त्यातलं डोळस माणसाला अक्षरही कळत नाही.

एकदा सिटी बसमध्ये इअरफोन विसरले होते, म्हणून फोन कानाशी धरून मेसेज ऐकत होते. शेजारच्या आजी माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, कुठल्या देवाचा जप गं हा? फार गोड वाटला."

"आजी, नवऱ्याने भाजी सांगितलीय. मेथी, गवार आणि दोन नारळ!"

* * *

आता कविताचं सांगते. कविता हरसूलकडची, जन्मापासून अंध. पावसाळ्याच्या तोंडाला तिचे वडील हिरामणभाऊ तिला घेऊन आले, तेव्हा बराच वेळ दोघं शेजारच्या दातांच्या दवाखान्यात बसून होते. तिथे हिरामणभाऊंना तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा कुठे चूक कळली.

आमचा बोर्ड चांगला मोठा आहे म्हणतात. मी म्हटलं, "काय हिरामणभाऊ, आम्हा आंधळ्यांना सापडतो तो क्लास तुम्हाला सापडला नाही?"

ते नुसतेच हसले. मग म्हणाले, "पावसाळाभर शिकूं द्या हिला. भात कापाया आला का मी घेऊन जानार. शहरात एकटी पोरगी कुठं ठेवू?"

कविताने माझ्या हाताला नख लावलं. तिला परत जायचं नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. गावात तिला कोणी वाईट वागवत नव्हतं. उलट पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देत होते, आणि त्यानेच तिला जीव नकोसा झाला होता. शेजारच्या होस्टेलवर राहून ती अशी शिकली, की दिवाळीच्या आधी माझ्याच चुका काढायला लागली.

* * *

सातपूरच्या एका ऑफिसात फोनवर तक्रारी घ्यायचं काम निघालं. मी तिला घेऊन गेले. तिथले साहेब बोलायला गोड. "मुलगी हुशार दिसते. पण काय आहे, आमच्या कॉम्प्युटरवर तुमची ती स्पेशल सिस्टिम नाही ना."

कविता म्हणाली, "सर, तुमचा कीबोर्ड एक मिनिट मिळेल?"

साहेबांनी कीबोर्ड पुढे सरकवला. कविताने कोपऱ्यातली बटणं चाचपून तीन एकदम दाबली, आणि साहेबांचा कॉम्प्युटर अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा खणखणीत इंग्रजीत बोलू लागला. स्क्रीनवर काय उघडं आहे ते त्याने सांगितलं. पत्त्यांचा डाव!

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. कविता मात्र गंभीर. "सर, डाव अर्धा राहिलाय. ठेवू का बंद करू?"

"बंद कर," साहेब म्हणाले. मग खुर्ची करकरली. "आणि सोमवारपासून ये."

* * *

सोमवारच्या आधी हिरामणभाऊ आले. भात कापायला आला होता. नोकरीचं ऐकून ते खूश झाले, पण पिशवी काही हातातून सोडली नाही. "पोरगी लय हुशार हाय, मॅडम. पन रोज बसनं एकटी जानार? बसचा बोर्ड कोन वाचनार? मानसं फसवत्यात."

मला राग आला आणि भीतीही वाटली. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं?

कविता म्हणाली, "आबा, खाली चला. दाखवते."

आम्ही तिघं बस स्टॉपवर उभे राहिलो. एक बस येऊन थांबली. हिरामणभाऊंनी शेजारच्या बाईंना विचारलं, "ताई, ही कोनती?" बाई बोलायच्या आत कविताने फोनचा कॅमेरा समोर धरला आणि फोन म्हणाला, "नाशिकरोड."

"ही नाय, आबा. माझी सातपूरची."

दुसरी बस आली. या वेळी फोन म्हणाला, "घरगुती मसाले. एकदा वापरून पाहा." त्याने बसवरची जाहिरात वाचली होती!

हिरामणभाऊ मोठ्याने हसले. "फसला ना तुझा फोन!"

कविताने दाराकडे तोंड करून कंडक्टरला हाक मारली, "दादा, सातपूर का?" "हो, चल," आतून आवाज आला. ती चढली नाही. वडिलांकडे वळून म्हणाली, "फोन चुकला का मी इचारते. तुमी पन इचारूनच जाता ना, आबा?"

बस निघून गेली. मला एकदम दातांचा दवाखाना आठवला, आणि पावसाळ्यात मी केलेली थट्टा जिभेवर कडू झाली.

परत येताना जिन्यापाशी ते थांबले. "कविते, दे तो हिकडं."

तिने फोन दिला. त्यांनी तो कुठे धरला ते मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. आधी फोनने टायरच्या दुकानाचं नाव वाचलं. खाली लिहिलेलं 'कृपया येथे गाडी लावू नये' हेही वाचलं. मग वाचलं, "दातांचा दवाखाना." मग थोडा वेळ थांबून आमच्या क्लासचं नाव, आणि "पहिला मजला."

त्यांनी फोन पुन्हा तिथेच धरला असावा. तीच पाटी आम्ही दुसऱ्यांदा ऐकली.

मग फोन कविताला दिला, पिशवीही तिच्याच हातात दिली. "तुझ्या आईनं नागलीच्या भाकरी दिल्यात. होस्टेलवर ठेव. सोमवारी डब्याला घे."

मी जिना चढायला लागले. मागून त्यांचा आवाज आला, अगदी हळू, कविताला ऐकू जाऊ नये असा.

"मॅडम, तुमच्या क्लासात डोळे असलेलं मानूस चालतं का?"